पहिला मणका

फोटो चांगला आलाय, हेच पहिल्यांदा मनात आलं. लाज वाटावी असं आहे, पण खरं आहे. तोंड उघडून काढायचा मानेचा एक्स-रे बहुतेक वेळा फसतो. दात आडवे येतात, कवटीची कड आडवी येते, नाहीतर माणूस नेमका त्याच क्षणी थुंकी गिळतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिल्याच फटक्यात आला. वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या फटीतून मानेचा सगळ्यात वरचा मणका स्वच्छ दिसत होता, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग दिसलं की तो मणका त्याच्या जागेवर नाही. त्याच्या दोन्ही बाजू खालच्या मणक्याच्या कडेबाहेर आल्या होत्या, डावी थोडी, उजवी चांगलीच. कड्यासारखा मणका असतो तो, मधून मज्जारज्जू खाली उतरतो. एका कड्याच्या दोन्ही बाजू एकदम बाहेर सरकल्या म्हणजे ते कडं फुटलं, दुसरं काही होऊच शकत नाही. पडद्यावर मोजपट्टी लावायची असते, ती मी लावली नाही.

काचेपलीकडे आप्पा स्टुलावर बसले होते, पाठ मागच्या पाटीला टेकून, तोंड आ करून. मीच सांगितलं होतं, "मी म्हणेपर्यंत मिटायचं नाही." आणि माझं ऐकायचं म्हणून हा माणूस अजून तोंड उघडं ठेवून समोरच्या नळीकडे बघत बसला होता. माझी खोली त्यांच्या उजव्या हाताला. म्हणजे मी हाक मारली की ते मान वळवणार. मी काही बोलले नाही तरी थोड्या वेळाने कंटाळून मान वळवणार, "झालं का गं" म्हणून. आणि मान वळली, ते फुटलेलं कडं आणखी अर्धा नखभर सरकलं, तर इथंच, माझ्या डोळ्यांदेखत, श्वास बंद. दिवसभर मी लोकांना सांगत असते, श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. तोंडाला इतकं वळण पडलंय की घरी कुकरच्या शिट्टीलासुद्धा मी एकदा "रोखा" म्हणाले होते. आणि आता नेमकं "हलू नका" म्हणायचं होतं, तर म्हणता येत नव्हतं. म्हटलं की ते आवाजाच्या दिशेने हलणार.

टेबलाखालची घंटा मी दाबली. ती वर तातडीच्या विभागात वाजते. मग लगेच सुचलं की सिस्टर धावत येणार, दार ढकलून "काय झालं" म्हणून ओरडणार, आणि आप्पा त्या दाराकडे बघणार. मूर्ख बाई, मी स्वतःलाच म्हटलं, घंटा नंतर दाबायची होती. पण मूर्खपणा तर त्याच्या आधीच होऊन बसला होता. आप्पा आले होते ते चालत. जिना उतरून, वॉचमनशी दोन शब्द बोलून, हनुवटीखाली तळहात लावून. "मान जरा अवघडलीय," म्हणाले. "एक फोटो काढून टाक, म्हणजे तुझी आई झोपू देईल." मी हसले. हनुवटीला हात लावून विचारवंतासारखे काय फिरताय म्हणाले. आल्याबरोबर आडवं करून मानेला पट्टा लावायचा, हे मला पाठ आहे, मी नवीन मुलींना शिकवते. पण मोडलेल्या मानेचा माणूस स्ट्रेचरवरून येतो, त्याच्याबरोबर रडारड येते. स्वतःच्या पायांनी येऊन चेष्टामस्करी करणाऱ्याची मान मोडलेली असते, असं डोक्यातच आलं नाही. आणि गेटापर्यंत आले कशावरून, तर बारक्याच्या स्कूटरवरून, मागे बसून. त्या रस्त्यावरचा एकेक गतिरोधक माझ्या डोळ्यांपुढून गेला. पुलाखालचा, शाळेपुढचा, पेट्रोल पंपाजवळचा तो निर्लज्ज उंचवटा. आमच्या गेटातला तर मी रोज शिव्या घालत ओलांडते. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याने प्रत्येक उंचवट्यावर स्कूटर उडवली असणार, कारण हळू चालवणं त्याला माहीतच नाही. मागे आप्पा एका हाताने सीट आणि एका हाताने स्वतःचं डोकं धरून.

डोकं 'हो' म्हणतं ते या पहिल्या मणक्यावर, आणि 'नाही' म्हणतं ते त्याच्या खालच्यावर, असं आमचे सांगाडासर शिकवायचे. सांगाडासर हे नाव आम्हीच पाडलेलं, कारण ते स्वतःही तसेच होते आणि वर्गात खांद्यावर हात टाकून उभे राहायचे तेही सांगाड्याच्याच. एकेका हाडाचं नाव सांगताना ते नावाची जन्मकुंडली मांडायचे. परीक्षेत येणार नाही म्हणून अर्धा वर्ग पेंगायचा, मी जागी असायचे. पहिला मणका बोटावर अंगठीसारखा फिरवत ते म्हणाले होते, "याचं नाव ॲटलस. ग्रीक पुराणातला. देवांच्या आधीच्या पिढीतला दांडगा गडी. देवांशी लढला, हरला, आणि शिक्षा काय मिळाली, तर आकाश खांद्यांवर घेऊन उभं राहायचं. पृथ्वी नव्हे बरं का, आकाश. चित्रात गोळा काढतात म्हणून लोकांना पृथ्वी वाटते. त्याने आकाश वर धरायचं, म्हणजे ते खाली कोसळणार नाही. तसा हा मणका तुमच्या डोक्याचा गोळा धरून उभा आहे." मग फळ्यावर त्यांनी ते नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, वाहणारा, सोसणारा. शब्दांची मुळं खणणारे लोक म्हणतात, आपला तोल, तोलणं, तुला म्हणजे तराजू, हे सगळं त्याच मुळातून फुटलेलं आहे, असंही म्हणाले. ते ऐकताना मी बाकावर ताठ बसले होते. तोल हा शब्द आमच्या घरात मिठासारखा होता. आप्पा घरसामान हलवणाऱ्या हमालांच्या टोळीचे मुकादम. उठताबसता तोल. पाण्याचा पेला नेताना तोल, सायकल शिकताना तोल, आईशी भांडण झालं की स्वतःलाच, तोल सांभाळा मुकादम.

त्या रात्री जेवताना मी त्यांना ती गोष्ट सांगितली होती. आप्पांनी घास हातात धरून ऐकली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाय कुठं ठेवून उभा होता? जमीन कशी होती?" दुसरा प्रश्न, "चुंबळ होती का?" कापडाचा पीळ देऊन केलेली ती गोल गादी, डोकं आणि ओझं यांच्या मधे ठेवायची. ती नसेल तर आप्पा पिशवीभर कांदेसुद्धा डोक्यावर घ्यायचे नाहीत. मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. एक वीर त्याच्याकडे सोन्याची सफरचंदं मागायला आला. ॲटलस म्हणाला, आणून देतो, तोवर आकाश तू धर. गेला, आणली, आणि मोकळे खांदे काय चीज असते ते कळल्यावर म्हणाला, फळं मीच पोचवून येतो, तू राहा असाच उभा. वीर चतुर. म्हणाला, जा की बाबा, फक्त जरा धर, डोक्यावर चुंबळ ठेवतो. याने धरलं. तो फळं उचलून चालता झाला. आप्पा हसले नाहीत. घास खाली ठेवून म्हणाले, "येडाच म्हणायचा. दिलेला माल परत डोक्यावर घेतात होय?" टोळीचा नियमच होता तो. जिन्यात एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर माल जातो तेव्हा घेणारा "आलं" म्हणतो, मग देणारा "गेलं" म्हणतो, आणि मगच हात सोडतो. आणि एकदा गेलं म्हटल्यावर परत घ्यायचं नाही, घेणारा डगमगला तर दोघांनी मिळून खाली ठेवायचं. कारण देणाऱ्याचं अंग सैल पडलेलं असतं, त्याच्या मानेने आपलं काम झालं म्हणून सुटी घेतलेली असते. आप्पांनी हे मला अगदी मन लावून समजावलं. दुसऱ्या दिवशी मात्र कामावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, माझ्या धंद्यातल्या माणसाचं नाव दिलंय हाडाला. तेव्हापासून टोळीत त्यांचं नाव ॲटलसशेठ पडलं ते आजतागायत.

हे सगळं मी त्या काचेमागे उभी राहून एकामागून एक आठवत बसले होते असं नाही. सगळं एकदमच होतं, एकावर एक, आणि मधोमध आप्पांचं ते उघडं तोंड. ओठांच्या कोपऱ्यात लाळ जमली होती. आता ते गिळणार, मग तोंड मिटणार, मग माझ्याकडे बघणार. ओरडू नये म्हणून मी पदर दातांत धरावा तसा गळ्यातल्या ओळखपत्राचा पट्टा दातांत धरला होता, हे मला नंतर त्यावरचे व्रण बघून कळलं. हाक मारली तर वळतील. गेले तर पावलं ऐकून वळतील. हा माणूस आयुष्यभर माझ्या हाकेला वळलाय. मी लहान असताना गच्चीतून हाक मारायचे, ते खाली रस्त्यावर, डोक्यावर ट्रंक. ते थांबायचे आणि सबंध वळायचे, पायांसकट, एखादा खांब वळावा तसे, आणि डोळे वर करून बघायचे. मान जराही हलायची नाही. डोक्यावर माल असताना मान वळवायची नाही, अंग वळवायचं, हे त्यांनी बारक्याला शिकवताना मी कितीदा ऐकलंय. जिन्यात नुसतं "माल आहे" म्हटलं की टोळीतला प्रत्येक जण आहे तसा ताठ होतो.

मी दार उघडलं, पट्टा तोंडातून काढला, आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "आप्पा, माल आहे."

त्यांची मान वळायला निघाली होती. मी बघितलं ते, कानामागची शीर ताठ झालेली बघितली. ती तिथंच थांबली. हात मांड्यांवर गेले, पाठ सरळ झाली, नजर समोर. सगळं अंग आपोआप तोलात आलं. तोंड अजून उघडंच. मी चालत गेले, धावले नाही, त्यांच्या पुढून वळसा घालून गेले म्हणजे त्यांना मी डोळ्यांनी दिसेन, आणि दोन्ही तळहातांत त्यांचं डोकं धरलं, बोटं कानांच्या खाली, अंगठे गालांवर. आता तोंड मिटा, म्हणाले. मान हलवून हो म्हणू नका, नाही म्हणू नका, तोंडानं बोला. आप्पांनी हळूच तोंड मिटलं. "किती वजनाचा आहे?" त्यांनी ओठ फारसे न हलवता विचारलं. "आकाशाएवढा," मी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून मला कळलं की त्यांना कळलंय. ते घाबरले नाहीत. घाबरले असते तर मला बरं वाटलं असतं.

माणसाचं डोकं जड असतं. दिवसभर मी लोकांची डोकी इकडून तिकडे वळवत असते, पण अशी धरून कधी उभी राहिले नव्हते. थोड्याच वेळात दंड भरून आले आणि खांद्यात कळ यायला लागली. आप्पांचे केस पिठासारखे मऊ होते, मला वाटायचं राठ असतील. मी विचारलं, कसं झालं. प्रश्न असा टाकला की हो-नाही असं उत्तर येऊ नये. त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. सकाळी एका वकिलाचं सामान होतं, पुस्तकांच्या ट्रंका, लिफ्ट बंद. पुस्तकं सगळ्यात वाईट, ती दगडापेक्षा जड असतात आणि आत हलतात. बारक्या चुंबळ घरी विसरला होता, म्हणून आप्पांनी स्वतःची त्याला दिली, अर्धा जिना आपण बिनचुंबळीचे उतरले आणि मधल्या वळणावर ट्रंक त्याच्या डोक्यावर दिली. आलं, गेलं, सगळं रीतसर झालं. बारक्या दोन पायऱ्या उतरला आणि म्हणाला, आप्पा, जरा धरा, चुंबळ सरकली, नीट करतो. मला पुढचं ऐकायचं नव्हतं. ही गोष्ट मला शेवटापर्यंत पाठ होती, मीच ती घरात आणली होती, जेवणाच्या ताटावर. "आणि तुम्ही धरलीत," मी म्हणाले. "परत डोक्यावर घेतलीत. तुम्हीच म्हणाला होतात, येडा." माझा आवाज चिरकला आणि हात हलतील म्हणून मी दात आवळले. आप्पा म्हणाले, ते त्याच्या खालच्या पायरीवर उतरून डोकं लावत होते, त्यांनी आलं म्हणायच्या आतच बारक्याने हात काढले. वीतभर उंचीवरून ट्रंक सरळ टाळूवर बसली. काहीतरी कट् वाजलं. मग ते ती ट्रंक घेऊन खाली गेले, टेम्पोत ठेवली आणि टेम्पोच्या फळीवर बसले.

"खाली ठेवायची होती ना दोघांनी मिळून," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि डोळे पुसायला हात नव्हता. आप्पा समोर बघत होते, म्हणजे माझ्या गळ्याकडे. "ठेवायला वेळ नव्हता," ते म्हणाले. "त्याचे गुडघे कापत होते गं. चुंबळ-बिंबळ काही सरकली नव्हती. त्याला जमेना, ते सांगायची लाज वाटली त्याला." मग म्हणाले, "तो तुझा गोष्टीतला, तो फसला नव्हता. उगाच येडा म्हणालो मी त्याला. समोरच्याचे पाय दिसले असणार त्याला. वाहणाऱ्याला ते दिसतं, मग दुसरं काही सुचत नाही."

इतकी वर्षं ती फसवणुकीची गोष्ट म्हणून मी सांगत आले होते, नव्या मुलींना हाडं शिकवताना हमखास हशा मिळवत आले होते. माझ्या हातांत त्यांचं डोकं होतं आणि मला धक्का बसत होता तो आता फोटोचा नव्हता. हे त्या ट्रंकेने झालं असं बारक्याला सांगू नकोस, आप्पा म्हणाले. मी सांगणार होते. शब्दसुद्धा ठरले होते, तू मारलंस त्यांना, असे. तेवढ्यात दारात सिस्टर आल्या. मी नुसते डोळे वटारले, तर त्या भल्या बाई एक शब्द न बोलता मागे फिरल्या आणि हाडांच्या डॉक्टरांना आणि मानेच्या पट्ट्याला घेऊन आल्या. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रोजचं हसू गेलं. त्यांनी आप्पांना बोटं हलवायला सांगितली, हातांची, पायांची. हलली. आप्पांच्या अंगठ्याचं काळं नख वरखाली होताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिले, आणि मला त्या नखाचा मुका घ्यावासा वाटला. "चालत आले?" डॉक्टरांनी मला विचारलं. डॉक्टरांनी पट्टा बसवला, आणि म्हणाले, आता यांना सरळ उचलून आडवं करायचं, डोकं मी घेतो, खांद्यांना एक माणूस हवा, सिस्टर कंबर धरतील, तुम्ही पाय. खांद्यांना कोण?

बारक्या दाराला टेकून उभा होता. कधीपासून उभा होता मला माहीत नाही. त्याच्या हातात आप्पांची चुंबळ होती, आणि तो तिचा पीळ सोडत होता आणि पुन्हा घालत होता. एवढा थोराड माणूस, चेहरा धुतलेल्या कापडासारखा. तो काही न विचारता पुढे आला आणि आप्पांच्या खांद्यांपाशी उभा राहिला. नको, याने हात लावायचा नाही, मी ओरडणार होते, पण त्याचे गुडघे दिसले. मला आता तेच दिसत होते.

डॉक्टरांनी माझ्या हातांबाहेरून हात लावले. "सोडा," म्हणाले. मी सोडलं नाही. "ताई, मी धरलंय, सोडा तुम्ही." बोटं उघडेनात. मला ऐकू येत होतं, कळत होतं, आणि बोटं जिथं होती तिथंच. डॉक्टर चिडले. "अहो, सोडा म्हणतोय ना." सिस्टरांनी माझ्या दंडाला हात लावला. मी डोकं हलवलं, नाही म्हणून. माझं हललं.

"डॉक्टर," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, आप्पांकडेही नाही, खाली फरशीकडे बघत होता. "तुम्ही 'आलं' म्हणा. 'आलं' म्हटल्याशिवाय हात काढायचे नसतात."

आप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी एकदा बारक्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मग, देवाची कृपा, त्यांनी वाद घातला नाही.

"आलं," ते म्हणाले.

"गेलं," मी म्हणाले, आणि हात काढले.